हद्दीपलीकडची बारावी

तलासरीच्या नाक्यावर एक फ्लेक्स वर्षभराहून जास्त काळ लटकत होता. त्यावर आमच्या शेजारच्या पाड्यातल्या मुलीचा चेहरा होता. अंगात निळा कोट. तो तिचा नव्हता, क्लासवाल्यांनी संगणकावर चढवला होता. मागे उगवता सूर्य, खाली नीट परीक्षेतले तिचे गुण, त्याखाली मोठ्या अक्षरात ‘तालुक्याची शान’ आणि कोपऱ्यात क्लासचा फोन नंबर. सकाळी तीच मुलगी त्या फ्लेक्सखाली तोंडाला ओढणी बांधून कंपनीच्या बसची वाट बघत उभी असायची. बस तिला हद्दीपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत न्यायची. तिथे पट्ट्यावरून सरकणाऱ्या डब्यांवर झाकण नीट बसलंय का, एवढं पाहायचं काम. शान वर आणि पोरगी खाली, असं ते रोजचं चित्र होतं. जाता-येता लोक बघायचे, आणि कुणाला त्यात काही चुकीचं दिसायचं नाही. मला दिसायचं, कारण त्या फ्लेक्सवर पुढचा चेहरा माझ्या मुलीचा लागणार होता.

मी हमरस्त्यालगतच्या वजनकाट्यावर काम करतो. गवताचे गठ्ठे, विटा, भाजी, भंगार, जे येईल त्याचं वजन करून चिठ्ठी द्यायची. गाडी दोनदा तोलतात, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. भरलेल्यातून रिकामं वजा केल्यावर उरतो तो माल. वजाबाकी न करता कुणी चिठ्ठी मागितली तर मी देत नाही. भल्याभल्यांशी त्यावरून भांडलोय. म्हणून मला आकडेमोड्या म्हणतात. म्हणू देत.

मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि म्हणाली, “बाबा, मला डॉक्टर व्हायचंय. एमबीबीएस नाही झालं तर आयुर्वेद, पण हेच.” आमच्या घरात आजवर कुणी सायन्स घेतलेलं नव्हतं. तेव्हा शोधाशोध सुरू झाली, आणि सगळ्यांचं बोट एकाच दिशेला गेलं: हद्दीपलीकडे.

बाहेरच्या माणसाला आमची हद्द सांगणं कठीण आहे. आमचं गाव तलासरी तालुक्याच्या अगदी वरच्या टोकाला. गावाच्या पुढच्या ओहोळानंतर डांबराचा रंग बदलतो, पाट्यांची लिपी बदलते, तिथून गुजरात. आमचे सोयरे तिकडे, आठवड्याचा बाजार तिकडे, दात दुखला तर डॉक्टर तिकडे. बायकोचं माहेरही तिकडेच. तिच्या भावाचं घर आमच्या दारापासून नऊ किलोमीटर. डहाणू चौतीस. त्या नऊ किलोमीटरच्या टोकाला एक शाळा होती, इंग्रजी माध्यमाची, अकरावी-बारावी सायन्स, आणि तिच्या आवारातच नीटचा क्लास. सकाळी शाळा, दुपारी क्लास, राहायला मामाचं घर. आमच्या भागातली मुलं हाच रस्ता धरतात. त्यात वेडेपणा काही नाही. कुणीही नकाशा न बघता पायाला जवळ तेच धरेल.

पण मी विचारलं होतं. हे मी ठासून सांगतो. प्रवेश घेतानाच क्लासच्या समुपदेशकाला विचारलं होतं. तिशीच्या आतला, टाय लावलेला, तीन भाषांची खिचडी सफाईने बोलणारा मुलगा.

“बारावी ह्या बाजूला झाली तर आमच्या बाजूला प्रवेशाला अडचण नाही ना येणार?”

“अंकल, नीट ऑल इंडिया एक्झाम आहे. एकच पेपर, एकच दिवस, एकच रँक. कन्याकुमारीची मुलगी असो की तुमची, फरक काय?”

“परीक्षा एक आहे ते समजलं. जागांचं विचारतोय.”

“जागा मार्कांवर मिळते, अंकल. मार्क आमच्यावर सोडा.”

घरी येऊन मेव्हण्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “चालशे, दाजी. आमची किती पोरं इकडून तिकडे गेली.” किती, कोण, कशाला गेली, ते मी विचारलं. तो हसला. “तुम्ही काट्यावरून उतरा जरा.”

पुढच्या पालकसभेत तिसऱ्यांदा विचारलं. तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाचं वय विचारलं. परीक्षेची माहितीपुस्तिका मी पानन्‌पान वाचली, अडलं तिथे मुलीकडून अर्थ लावून घेतला. त्यात लिहिलं होतं की राज्यांच्या जागा राज्यांच्या नियमांनी भरल्या जातील. राज्याचे नियम कुठे आहेत? ते राज्याच्या पुस्तिकेत. राज्याची पुस्तिका कधी निघते? परीक्षा होऊन, निकाल लागून गेल्यावर. म्हणजे दोन वर्षांपूर्वी कुठे बसायला हवं होतं ते तुम्हाला दोन वर्षांनी सांगणार. मागच्या वर्षीची पुस्तिका बघता येते हे मला आता माहीत आहे. तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, आणि ज्यांचा धंदाच सांगण्याचा होता त्यांनी सांगितलं नाही.

मुलगी बारावीत गेली. त्या पावसाळ्यात आमच्या खाचरात भातलावणी चालू होती. आमच्याकडे लावणीला मजूर लावत नाहीत. एक दिवस सगळे तुमच्या शेतात, दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या. त्या दिवशी शेजारच्या पाड्यातल्या मायलेकी आल्या होत्या. लेक म्हणजे तीच, फ्लेक्सवरची. निकाल लागून महिना झाला होता, नाक्यावर तिचा चेहरा नुकताच चढला होता. मी रोपांच्या जुड्या टाकत पुढे सरकत होतो, ती ओळीत वाकून लावत होती. मी कौतुकाने विचारलं, “मग काय बाय, कुठलं कॉलेज? मुंबई का?”

ती पुढचं रोप खोचत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. तिची आई चिखलातून न उठताच म्हणाली, “नका विचारू तिला. हसतात लोक.”

“हसायला काय झालं? एवढे मार्क!”

तेव्हा ती मुलगी उभी राहिली. हाताचा चिखल तिने पोटरीला पुसला आणि अगदी सरळ आवाजात सांगितलं, “काका, आपल्या राज्याच्या यादीत नाव लागायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. माझी बारावी तिकडची. तिकडच्या यादीत जावं तर दहावी तिकडची लागते, रहिवास तिकडचा लागतो. माझी दहावी तलासरीची. मी कुठल्याच यादीत नाही. उरल्या सगळ्या देशाच्या जागा, सरकारी कॉलेजातल्या शंभरातल्या पंधरा. तिथे माझे मार्क पुरत नाहीत.”

“आणि आपल्या राज्याच्या पंच्याऐंशीत?”

“तिथे पुरले असते. गेल्या वर्षी माझ्याहून चाळीस मार्क कमी असलेल्याला मिळालीय.”

“पुन्हा परीक्षा दिली तर?”

“परीक्षा कितीदापण देता येते, काका. बारावी तीच राहते.”

ती पुन्हा वाकली आणि सुटलेली ओळ धरली. माझ्या हातात रोपांची जुडी तशीच राहिली. पलीकडच्या बांधावर माझी बायको उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, “अहो, आपली पोरगी.”

मी ऐकलेल्यावर चिठ्ठी फाडत नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडे गेलो, थेट क्लासमध्ये. टायवाला मुलगा ओळखीचं हसला.

“या अंकल. मुलगी मस्त चाललीय. टेस्टमध्ये वरच्या दहात.”

मी बसलो नाही. “नाक्यावर जिचा फोटो लावलात, तिला प्रवेश मिळाला का?”

“तिचा स्कोअर फार छान आहे.”

“प्रवेश?”

“ते डोमिसाईलचं वगैरे असतं ना, अंकल. स्टेटचा विषय. आमचं काम स्कोअर आणणं.”

“मी दोनदा विचारलं होतं. एकदा तुम्हाला, एकदा सभेत.”

“बघा, प्रत्येक पेरेंटची केस वेगळी असते—”

“वेगळी नाही. माझी आणि तिच्या बापाची एकच आहे. आम्ही दोघे हद्दीवर राहतो. तुमच्या वर्गात आमच्याकडची किती मुलं आहेत?”

त्याला आकडा माहीत होता, तोंडावर दिसलं. सांगितला नाही. उलट आवाज खाली आणून म्हणाला, “आता बारावीत स्टुडन्टला डिस्टर्ब नका करू. तिच्या रँकवर परिणाम होईल. आणि मॅनेजमेंटच्या जागा असतातच की.”

मॅनेजमेंटच्या जागा! वजनकाट्यावरच्या माणसाला. मला इतका राग आला की त्याच्या टेबलावरचं काचेचं वजन उचलून मी पुन्हा जागेवर ठेवलं, का ते मलाही कळलं नाही. ही माणसं नुसतं भरलेलं वजन छापतात. रिकामी गाडी त्यांनी कधी काट्यावर चढवलीच नाही. मुलगी शिकली किती ते फ्लेक्सवर येतं, मुलगी पोचली कुठे ते येत नाही. आणि नियमाचं म्हणाल तर राज्याने आपल्या शाळांतल्या मुलांसाठी जागा राखल्या, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या तालुक्यात सगळ्यात जवळचं सायन्स परराज्यात आहे, तिथल्या प्रत्येक दहावीच्या वर्गाच्या भिंतीवर हे एक वाक्य रंगवायला काय हरकत होती? मच्छर मारायच्या सूचना रंगवतात, हात धुवायच्या रंगवतात. हे एक वाक्य रंगवायला जागा नाही?

मेव्हण्याकडे गेलो तर मुलगी शाळेतून आलेली. अंगणात बाकावर बसून डाळभात खात होती. मी सांगितलं तसं तिचा हात ताटातच थांबला. मेव्हणा मात्र उसळला.

“दाजी, माझ्या घरात पोरीला काय कमी पडलं ते सांगा आधी.”

“काही नाही. तुझ्या घराबद्दल नाही बोलत मी.”

“मग? हद्द हद्द काय लावलंय? तुमची वरात माझ्या बहिणीला न्यायला आली तेव्हा ओहोळावर कोणी थांबवली होती?”

“लग्नाला यादी नसते रे. ह्याला असते.”

“वर्षभर इथे शिकली. आता उपटून नेणार? रोप आहे का ते?”

“रोपच उपटून लावतात. कालच लावलीत.”

त्याला हसू आलं नाही, मलाही नाही. मेव्हण्याची बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, “पोरीला विचारा ना कोणीतरी.”

मुलीने ताट बाजूला ठेवलं. ती रागावली होती, आणि सगळ्यांवर. “मी इथे वरच्या दहात आहे,” ती म्हणाली. “तिकडे नवीन बोर्ड, नवीन पुस्तकं, प्रॅक्टिकल पहिल्यापासून. माझे मार्क पडले तर तुम्ही जबाबदार का, बाबा?”

“नाही,” मी म्हणालो. “मार्क पडले तर पुन्हा परीक्षा देता येते. बारावी पुन्हा देता येत नाही. दोन्ही तोलून बघ. मग तू सांग, मी ऐकेन.”

तिने उठून हात धुतला. मग मामीला म्हणाली, “माझी पुस्तकं बांधायला पोतं आहे का?” आणि मग मामाच्या जवळ जाऊन बसली. मामा तोंड फिरवून रडत होता. आडदांड माणूस, ट्रॅक्टर चालवणारा. “मला काय ठाऊक होतं,” एवढंच म्हणत होता. त्याला ठाऊक नव्हतं, हे खरं. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यावर आहे.

परत येण्याची दारंही सहज उघडली नाहीत. तिकडच्या शाळेने दाखला द्यायला हेलपाटे घालायला लावले, ‘वर्षाच्या मध्ये कोणी नेतं का’ म्हणून. इकडे बारावीला बाहेरच्या बोर्डातून घ्यायला बोर्डाची परवानगी लागते आणि मुदत सरत आली होती. डहाणूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जागा होती. तिथल्या बाई कागद बघून म्हणाल्या, “तुम्ही वेळेत आलात. बहुतेक पालक निकाल लागल्यावर येतात, मग आम्ही काय करणार?” म्हणजे इथेही माहीत होतं. दर वर्षी कुणीतरी निकाल घेऊन येतं आणि दर वर्षी त्याला परत पाठवतात. मग आधी एखाद्या शाळेत जाऊन का नाही सांगत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे तसा आदेश नाही.”

चौतीस किलोमीटर रोज शक्य नव्हतं, तेव्हा मुलगी डहाणूला वसतिगृहात राहिली. पहिले दोन महिने फोनवर नुसतं हं-हं करायची. चाचणीत भौतिकशास्त्रात घसरली तेव्हा तिने फोन करून सांगितलं, “झालं तुमच्या मनासारखं?” मी विचारलं, जेवलीस का. बायकोने विवळवेढ्याच्या देवीला काहीतरी बोलून ठेवलं, काय ते मला सांगितलं नाही. मग वसतिगृहात वरोरची एक मुलगी तिच्या खोलीत आली, कोळ्यांची, गणितात वाघीण. दोघींचं ठरलं, तिने हिला भौतिकशास्त्र शिकवायचं, हिने तिला जीवशास्त्र. क्लास नव्हता. जुन्या प्रश्नपत्रिका, फोनवरची व्याख्यानं आणि एकमेकींना विचारलेले प्रश्न. आमची मुलगी सुटीला घरी आली की शेजारच्या पाड्यात जायची आणि त्या फ्लेक्सवरच्या मुलीकडून तिची क्लासची पुस्तकं आणायची. तिने ती फेकली नव्हती. समासात तिच्या बारीक अक्षरातल्या खुणा होत्या. “ताईने लिहिलंय ते सरांपेक्षा सोपं आहे,” मुलगी म्हणायची. कंपनीची पाळी संपली की कधी कधी तीच येऊन आमच्या ओटीवर बसायची आणि हिची तोंडी घ्यायची. चुकलं की म्हणायची, “हे मला आलं होतं हां.” त्यात टोमणा नव्हता. पण ते ऐकून मला तिथे बसवत नसे. मी उठून उगाच गोठ्यात जायचो.

मुलीला मागच्या वर्षीच्या त्या ताईपेक्षा कमी गुण पडले. हा आकडा मी मुद्दाम सांगतोय, कारण सगळा न्याय-अन्याय त्यातच आहे. कमी पडले, आणि तरी राज्याच्या यादीत तिचं नाव लागलं. एमबीबीएस नाही, आयुर्वेद, पण सरकारी महाविद्यालय. बायकोने ते नाव फोनवर बोटाने मोठं करून पाहिलं. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण वजाबाकी केल्यावर उरलं ते वेगळंच होतं. जास्त गुणवाली नाक्यावर बसची वाट बघत होती आणि कमी गुणवाली डॉक्टर व्हायला निघाली होती, आणि दोघींमधला फरक अभ्यासाचा नव्हता. एक बाप भातलावणीत वेळेवर बोलला होता, एवढाच होता.

त्याच आठवड्यात क्लासमधून फोन आला. तोच टायवाला.

“अंकल, अभिनंदन! आपल्या मुलीचं सिलेक्शन! एक फोटो पाठवा ना चांगलासा. अकरावी आमच्याकडेच झाली ना तिची.”

मी काही बोलायच्या आत मुलीने फोन घेतला आणि मोठ्या आवाजावर टाकला.

“सर, देते फोटो. पण खाली एक ओळ घाला. ‘बारावी महाराष्ट्रातून केली म्हणून जागा मिळाली. हद्दीपलीकडे करू नका.’”

तिकडून हसण्याचा आवाज आला. “अगं, एवढं मोठं बसणार कसं?”

“माझा चेहरा लहान करा.”

मग हसणं बंद झालं. मी फोन घेतला आणि म्हणालो, “फोटो मिळणार नाही. आणि नाक्यावरचा तो जुना उतरवा.”

“तो आता जुनाच झालाय, अंकल. कापड मजबूत आहे. तुम्हाला पाहिजे तर तुम्हीच उतरवून घ्या, कामाला येईल.”

त्या रविवारी आम्ही शिडी घेऊन गेलो. मी, माझी मुलगी, आणि त्या मुलीचा बाप. ती स्वतःही आली. येऊ नको असं तिला कुणी म्हटलं नाही आणि ये असंही नाही. तिने शिडी धरली. मी वर चढून तारा सोडत होतो, एका बाजूची सुटली तसा तिचा तो निळ्या कोटातला अर्धा चेहरा खाली लोंबला. रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला ओरडला, “अरे, शानला कुठे नेताय?” तिच्या बापाने मान वर केली नाही.

“काका, जपून,” ती खालून म्हणाली. “फाडू नका. पेंढ्याला पाहिजे.”

आमच्याकडे जुन्या फ्लेक्सचं हेच होतं. कुणाच्या पेंढ्यावर पुढारी पसरलेला असतो, कुणाच्या कुडाला साबणाची बाई. तिच्या अंगणात आम्ही तो पेंढ्याच्या उडवीवर ओढला. चेहरा आभाळाकडे आला. तिची आई दारात उभी राहून बघत होती, तिने पदर तोंडाला लावला.

“पलटा,” ती मुलगी म्हणाली. “पांढरी बाजू वर.”

आम्ही पलटला. टोकांना दगड बांधले. ती उडवीभोवती फिरली, प्रत्येक दगड ओढून पाहिला, एक सैल होता तो स्वतः पुन्हा बांधला. मग माझ्या मुलीला म्हणाली, “ती रसायनशास्त्राची वही ने आता. मला काय करायची ती.”

“राहू दे तुझ्याकडे, ताई. लागेल कुणाला तरी.”

“कुणाला?”

त्या वर्षी आमच्या बाजूची आणखी चार मुलं पलीकडच्या अकरावीत गेली होती. दोघांचे बाप गवताच्या गाड्या घेऊन माझ्या काट्यावर येतात. त्यांना मी चिठ्ठी देण्याआधी सांगितलं. एकाने मुलगा परत आणला. दुसरा हसून म्हणाला, “नीट ऑल इंडिया असते, तुम्हाला नाही कळणार.” त्याच्याशी मी अजून भांडतोय. उरलेल्या दोन घरांपर्यंत मी अजून पोचलो नाही. पोचणार आहे.